पाटावरची रेघ

पद्माक्काच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, हे तिच्याआधी मला कळलं. मोबाइल वाजला तेव्हा ती माझ्यासमोरच बसून ब्रश धुवत होती आणि स्वतःच्या जावेची नक्कल करून खोलीतल्या चार पेशंटांना हसवत होती. पडद्यावर लाल पट्टी आली : 'मगदूम, पद्मावती. मेंदूत प्रसाराचा तीव्र संशय. डावी बाजू, कपाळाच्या वरच्या अंगाला.' मी मोबाइल पालथा ठेवला आणि सगळ्यांबरोबर हसले. मानसशास्त्रात पीएच.डी. झालेल्या बाईला एवढं नाटक जमायलाच हवं.

मी केतकी उपळेकर. मिरजेतल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर माझी चित्रांची खोली आहे. या कामात मी पडले ती स्वतःच्या दुखण्यामुळे. तिशीतच माझ्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले आणि परत आले. त्या दिवसांत सलाइन लावलेल्या हातानं मी कागदावर रेघोट्या ओढायचे, आणि त्या रेघोट्यांनीच मला ताळ्यावर ठेवलं. पुढं रीतसर चित्रोपचार शिकले. नव्या पेशंटला मी पहिल्याच भेटीत सांगते, 'मी तुमच्यातलीच.' हे माझं हुकमी पान आहे.

खोलीचा नियम एकच : इथं काढलेलं चित्र कुणी तपासायचं नाही. बाहेर या माणसांचं रक्त तपासतात, लघवी तपासतात, हाडं तपासतात. इथं आल्यावर त्यांनी वाटेल ते फासावं. कागदभर काळं फासलं तरी मी 'काळंच का?' असं विचारत नाही. ते सिनेमातले मानसतज्ज्ञ विचारतात. कोऱ्या कागदाला मात्र भलेभले घाबरतात, म्हणून सुरुवात जोडीनं करायची. एक रेघ पेशंटची, एक माझी, पुन्हा त्याची. हळूहळू पेशंट रंगात येतो आणि मी बाजूला होते.

हा नियम मोडला तो पाटानं. कंपनीनं त्याला भलंथोरलं इंग्रजी नाव दिलंय, आम्ही सगळे पाटच म्हणतो, कारण तो दिसतो जेवायच्या पाटासारखा. तो कागदाखाली ठेवायचा. एक रेघ म्हणजे हाताची एक हालचाल असं आपल्याला वाटतं, पण मेंदू तसं काम करत नाही. तो एका रेघेसाठी हाताला डझनावारी बारीक हुकूम सोडतो : उचल, दाब, थोडं डावीकडे, सावकाश. हे हुकूम एकमेकांत इतके बेमालूम मिसळतात की रेघ सलग दिसते. पाटाला ते सुटे सुटे दिसतात. मेंदूत कॅन्सरच्या मूठभर पेशी जरी जाऊन बसल्या, तरी आसपासचा भाग किंचित सुजतो आणि हुकमांचा ठेका चुकायला लागतो. डोळ्याला रेघ पूर्वीसारखीच दिसते. एमआरआयलाही काही दिसत नाही. पाट मात्र महिनोन् महिने आधी सांगतो, आणि ठेका कुठं चुकतोय त्यावरून मेंदूतली जागाही सांगतो.

"चित्र नाही तपासत तो," आमचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. अभिनंदन चौगुले मला म्हणाले होते. "रेघ तपासतो. तुमचा नियम शाबूत आहे, मॅडम."

ही पळवाट आहे हे मला कळत होतं. पण माझ्या खोलीत येणारी काही माणसं मेंदूतल्या प्रसारानं गेलेली मी पाहिली होती, आणि कळलं तेव्हा प्रत्येकाच्या बाबतीत उशीर झालेला होता. मी हो म्हटलं. भरती होताना पेशंटला पाटाबद्दल सांगितलं जायचं, पण भरती होताना इतकं काही सांगितलं जातं की कुणाच्या काय लक्षात राहणार?

पद्माक्काचा एमआरआय स्वच्छ आला. चौगुल्यांना त्याचं नवल वाटलं नाही. पाट आधी बघतो, एमआरआय नंतर, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाटाचा संशय बहुतेक वेळा खरा ठरला होता, आणि अशा पेशंटसाठी नवी उपचारपद्धत मंजूर झाली होती : गाठ दिसायची वाट न बघता सबंध मेंदूला किरण द्यायचे. जीव वाचायची शक्यता चांगली. बदल्यात स्मरणशक्तीला धक्का बसतो. कुणाची नावं जातात, कुणाची वर्षं.

"तिला तयार करणं तुमच्याकडे," चौगुले म्हणाले. "तुमचंच ऐकेल ती."

पद्माक्काचं मार्केटजवळ मिरची कांडप आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून न्यायला तिच्या दारात रांग लागते. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ते उभं केलं, मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं. मी तिला खोलीचं दार लावून सगळं सांगितलं. तिनं रडारड केली नाही. पदरानं ओठ पुसले आणि विचारलं, "म्हंजे मी इसरणार?"

"थोडंफार. सगळ्यांचं सारखं नसतं, अक्का."

"अवो, माझ्या डोस्क्यात सगळ्या पेठंची चटणी हाय. कुनाला खोबरं जास्ती, कुनाला लसूण कमी, कुनाच्या घरात सासऱ्याला तिखाट चालत न्हाई. ते गेलं तर गिऱ्हाईक माझ्याकडं कशाला यील? नुसतं कुटायला कुनीबी कुटंल."

"आठवणी थोड्या पुसट होतील, पण आयुष्य मिळेल," मी म्हणाले. हे वाक्य मी आदल्या दिवशी घडवून ठेवलं होतं. आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरवलं होतं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "ताई, तुमी माझ्या जागी असतासा तर?"

"हो म्हटलं असतं."

डोळ्याची पापणी न हलवता मी ते बोलले. पद्माक्कानं मान हलवली. माझ्या शब्दावर ती उठली, घरी गेली, आणि जिच्याशी सगळा जन्म भांडली त्या जावेला बोलावून कांडपाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. मग तिला समोर बसवून एकेका घराची चटणी सांगायला लागली. हे मला तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं आणि ती रडली. मी तिचीही समजूत काढली.

किरणोपचाराच्या पहिल्या दिवशी सकाळी मी खोली उघडते तोच चौगुल्यांचा निरोप आला. आणखी दोघांच्या नावापुढं पिवळी, म्हणजे सौम्य संशयाची, पट्टी आली होती : आतड्याच्या कॅन्सरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची एक शिक्षिका. निरोपाच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं. बिचाऱ्याला पाट एवढा चालतोय याचाच आनंद झाला असावा.

मी तिघांच्या मेंदूची चित्रं शेजारी शेजारी मांडली. तीन कॅन्सर वेगळे, तीन माणसं वेगळी, वयं वेगळी. लाल ठिपका मात्र तिघांच्या डोक्यात एकाच जागी होता. डावी बाजू, कपाळाच्या वरच्या अंगाला.

असं कसं होईल?

पाट प्रत्येक चित्र साठवून ठेवतो आणि कुठली रेघ कधी ओढली ते पडद्यावर पुन्हा ओढून दाखवतो. मी पद्माक्काचं शेवटचं चित्र लावलं. कोरा कागद. त्यावर एक जाड, थरथरती रेघ आली. किमोनं पद्माक्काची बोटं बधिर झालीत, ब्रश धरायचं तिला भान राहत नाही, त्यामुळं तिच्या सगळ्याच रेघा अशा. पाटानं ती रेघ हिरवी दाखवली. मग तिच्या पोटातून एक लांब, सफाईदार वेलांटी वळत गेली. ती लाल झाली. पुन्हा जाड रेघ आली, हिरवी. पुन्हा सफाईदार, लाल.

माणूस आपलं अक्षर ओळखतो तशा मी त्या लाल रेघा ओळखल्या. त्या माझ्या होत्या.

पोस्टमास्तरांचं चित्र लावलं, शिक्षिकेचं लावलं. तेच. बाकीच्या गावांतल्या हॉस्पिटलांत पेशंट पाटावर एकटा काढतो. जोडीनं काढायची रीत फक्त माझ्या खोलीतली. पाट बसवायला कंपनीची माणसं आली त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, टेबलं दाखवली, प्लगची जागा दाखवली. तुम्ही चित्र कसं काढता ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगावंसं वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पाटाला बिचाऱ्याला एका कागदावर एकच माणूस माहीत. पद्माक्काच्या बधिर बोटांमुळं तिच्या कागदावर माझ्या रेघा सगळ्यांत जास्त, म्हणून पट्टी तिच्या नावावर आधी आली.

आणि पद्माक्का या क्षणी तळघरात होती.

मी चौगुल्यांना फोन लावत जिना उतरले. त्यांनी उचलला नाही. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. एका पायरीवर माझा उजवा पाय नको तसा पडला, कठडा धरला म्हणून वाचले. गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. कपात चहा ओतताना बशीत सांडायचा, कुलपात किल्ली बसायची नाही. मी चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत होते. आशुतोष, माझा नवरा, डोळे तपासून घे म्हणून मागं लागला होता.

किरणांच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर पद्माक्का टेबलावर उताणी दिसत होती. डोक्यावर पांढऱ्या जाळीचा मुखवटा, टेबलाला खिळवलेला.

"थांबवा," मी म्हणाले.

"मॅडम, डॉक्टरांची सही झालीय. त्यांनी सांगितल्याशिवाय मी नाही थांबवू शकत."

"चूक झालीय. पेशंट ती नाही."

"मगदूम पद्मावती. नाव दोनदा विचारलंय." त्याचा हात बटणाकडे गेला. जाड, शिशाचं दार सावकाश सरकत बंद होत होतं. मला त्या यंत्रातलं एकच ठाऊक होतं : दार उघडं असेल तर ते चालू होत नाही. मी जाऊन दाराच्या फटीत उभी राहिले. दार माझ्या खांद्याला टेकलं आणि थांबलं. कुठंतरी भोंगा वाजायला लागला.

"मॅडम, अहो काय करताय!"

"चौगुल्यांना बोलवा. ते येईपर्यंत मी हलणार नाही."

आतून, जाळीखालून, पद्माक्काचा दबका आवाज आला, "काय झालंय वं? कोन वरडायलंय?"

"मी आहे, अक्का. काही नाही झालं." काही नाही झालं! जिभेला लागलेली सवय, दुसरं काय.

चौगुले आले ते संतापूनच. मी दारातूनच त्यांना सगळं सांगितलं. लाल रेघा कुणाच्या, तेही सांगितलं. ते तंत्रज्ञाकडे वळून म्हणाले, "मुखवटा काढा."

खात्री तर करायला हवी होती. चौगुले, पद्माक्का आणि मी वर माझ्या खोलीत आलो. मला अजून एक आशा होती. दोन हातांची सरमिसळ झाल्यामुळं पाट गोंधळला असेल, एकेकट्याचं बघितलं तर दोन्ही हिरवं येईल. ही आशा मी चौगुल्यांना मोठ्या शास्त्रीय भाषेत समजावली. त्यांनी ती खोडली नाही.

आधी पद्माक्का एकटी बसली. मी खिडकीशी उभी राहिले, तिच्या कागदाकडे पाठ करून. तिनं नुसत्या आडव्या रेघा ओढल्या. दरम्यान चौगुल्यांनी जुन्या चित्रांतल्या माझ्या रेघा बोटानं निवडून वेगळ्या केल्या आणि तिच्या वेगळ्या. पाटानं थोडा वेळ घेतला. पद्माक्काचं नाव हिरवं झालं.

"म्हंजे?" तिनं विचारलं.

"तुमच्या मेंदूत काही नाही, पद्माक्का," चौगुले म्हणाले. "चूक आमची. किरण नकोत."

ती हसली. तोंडभर, मोठ्यानं हसली. टेबलावर थाप मारली, "आता किल्ल्या काढून घेतो बगा त्या भवानीकडनं!" असं म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. मग मी खुर्चीवर बसले आणि ब्रश उचलला. ती हसायची थांबली.

मी बराच वेळ काढत होते. काय काढलं ते आठवत नाही. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये ब्रश आहे एवढंच लक्षात आहे. माझं नाव पाटावर पहिल्यांदाच लिहिलं गेलं, आणि पट्टी लाल झाली. डावी बाजू, कपाळाच्या वरच्या अंगाला. चौगुल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेशंटला निकाल सांगायचं काम या हॉस्पिटलात माझं असतं, त्यामुळं आता कुणी बोलायचं ते त्यांना कळेना.

"ताई," पद्माक्का हळूच म्हणाली, "मगाशी मला आनंद झाला. तुमचं हाय म्हनल्यावर माझं न्हाई, एवढंच माझ्या मनात आलं."

"वाटलं ते वाटलं, अक्का," मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आला होता. तिच्या हसण्याचा, तिच्या हिरव्या पट्टीचा, घरी जाऊन जावेशी भांडायला मिळणाऱ्या तिच्या सगळ्या वर्षांचा. असलं काही पेशंटच्या मनात आलं की मी त्याला सांगते, यात वाईट काही नाही. मला ते वाईटच वाटलं.

माझा एमआरआय दोन दिवसांनी झाला आणि स्वच्छ आला. आशुतोष खूश झाला. त्याला मी पाट आणि एमआरआय यांतला फरक समजावून सांगितला होता, तरी तो खूश झाला. चौगुल्यांच्या केबिनमध्ये त्यानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता. चौगुले म्हणाले, "तुमचा जुना इतिहास बघता, आपण सबंध मेंदूला किरण द्यावेत असं मला वाटतं. आठवणी थोड्या पुसट..." आणि ते अडखळले. ते माझंच वाक्य होतं. त्यांनी माझ्याकडूनच ते उचललं होतं.

"हो म्हण, केतकी," आशुतोष म्हणाला. "आपण सगळं लिहून ठेवू. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. मी आहे."

"तुला काय आठवेल ते मला आठवायचं नाहीये, आशू. मला माझं आठवायचंय."

"म्हणजे नाही म्हणणार तू?"

"वेळ हवाय मला."

"कसला वेळ? रोज तू लोकांना हेच सांगतेस ना?" त्याचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर ओरडला नव्हता. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं, आणि तरीही त्याच्याजवळ थांबवेना. मी उठून बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर पद्माक्का बसली होती. तिला यायचं काही कारण नव्हतं. किल्ल्या तिला परत मिळाल्या होत्या, तेही भांडण न होता, त्यामुळं जरा हिरमुसलीच होती असं मुलगी सांगत होती.

"काय म्हनालासा डॉक्टरला?" तिनं विचारलं.

"वेळ मागितला."

"मला न्हाई दिलासा वेळ."

मी तिच्याशेजारी बसले. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लावल्या होत्या, त्या वाचत राहिले.

"मी इचारलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती, आणि तेच मला सोसवेना. "माझ्या जागी असतासा तर काय केलं असतंसा. तुमी लगीच व्हय म्हनालासा. मी तुमच्या शब्दावर त्या टेबलावर जाऊन पडलो. ती जाळी नाकाला लागत हुती. आनि आता सोताची पाळी आली तर वेळ पायजे?"

माझ्याजवळ उत्तरं होती. निर्णयाच्या ताणाबद्दल होती, समुपदेशनाच्या मर्यादेबद्दल होती. चांगली पाठ केलेली होती.

"का म्हनालासा वं तसं?"

"डोकं तुमचं होतं म्हणून," मी म्हणाले.

बाकावरून उठून जावं, चार शब्द सुनवावेत, काहीही करावं तिनं, असं मला वाटलं. पद्माक्कानं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि बाटली माझ्यापुढं धरली.

"मी तुमाला व्हय म्हना म्हननार न्हाई," ती म्हणाली. "नको म्हना असंबी म्हननार न्हाई. तुमी ठरवा. मला आज काम न्हाई, मी बसतो हितं."

आम्ही बसलो. ओपीडी सुरू झाली, संपली. गच्चीवर औषधांची ड्रोन उतरल्याचा आवाज येऊन गेला. आशुतोष बाहेर आला, आम्हांला बघितलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. मी काय काय जाऊ शकेल ते मनात आणून बघत होते. आईचा आवाज. आशुतोषशी पहिलं भांडण. गेलेल्या पेशंटांची नावं, जी माझ्याशिवाय आता फारशी कुणाला आठवतही नसतील. ती सगळी मी एकदा मनातल्या मनात म्हटली. आणि तरीही मला जगायचं होतं. अर्धीमुर्धी होऊन का होईना, मला जगायचंच होतं. हे कुणी समजावून सांगितलं असतं तर मला कधी पटलं नसतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा मी उठले. केबिनच्या दाराशी गेले, मूठ धरली आणि थांबले.

"पद्माक्का, मला भीती वाटतेय."

"वाटनारच की," ती म्हणाली आणि तिथंच बसून राहिली.

मी दार ढकललं.